नकाशालेखनांत अक्षांश-रेखांशांचें प्रमाण

जुन्या मोहिमांचे मार्ग संगणकावर रेखाटणाऱ्या अभ्यासकांस आम्ही एक सूचना करूं इच्छितों. अक्षांशाचा अंश सर्वत्र सुमारें १११ किलोमीटर असतो. रेखांशाचा अंश मात्र अक्षांशाच्या कोटिज्येप्रमाणें आखडतो: पुण्यापाशीं सुमारें १०६, तर पानिपतापाशीं ९७ किलोमीटर. दोन्ही अंश समान लांबीचे काढल्यास नकाशा पूर्वपश्चिम फुगतो. यास्तव पुणें-पानिपत मार्गास मध्य-अक्षांश २४ धरून उभा अंश आडव्याच्या १.०९ पट ठेवावा. स्थानें आधींच प्रक्षेपित होऊन मीटरांत असतील तर १:१ हेंच प्रमाण योग्य. आलेखन-प्रणालीस चौकट भरण्यासाठीं आकृति ताणूं देऊं नये. अन्यथा नकाशावरील पल्ला जुन्या कागदांतील कोसांशीं जुळणार नाहीं, आणि दोष निरपराध लेखनिकाच्या माथीं बसेल.