शिलाईवर तोललेला जीव

२३ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेतील योसेमिटी येथे नामवंत गिर्यारोहक टॉड स्किनर कड्यावरून कोसळून मरण पावले. दोर शाबूत होता. तुटला तो कमरेच्या हार्नेसचा पुढचा नायलॉनचा फास. तो झिजला होता. नवे हार्नेस मागवलेलेही होते.

शिलाईकाम करणाऱ्यांनी व असा माल विकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जीन्सच्या लुपीवर घालतात तोच बारटॅक टाका हार्नेसवर असतो. मात्र धागा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घेतात, म्हणजे तुटलेला टाका चटकन दिसतो. युरोपीय मानकानुसार शिवलेल्या पट्टीने सुमारे २,२०० किलोचा ताण सोसला पाहिजे, तर धातूच्या कॅराबिनरने लांबीच्या दिशेने सुमारे २,००० किलोचा. किल्ल्या अडकवायची तशीच दिसणारी कडी या कामाची नव्हे.

दुकानदारांनी नायलॉनचा माल उन्हात किंवा बॅटरीजवळ ठेवू नये. तेजाबाने तो कुजतो आणि वरून ते दिसतही नाही. चाचणी न झालेला किंवा वापरलेला माल नवा म्हणून विकू नये. इतर धंद्यात खोट्या मालाने गिऱ्हाईकाचे पैसे बुडतात. इथे जीव जातो.