वाहाका शहरांतील पांच आठवडे

आपण भाड्यानें घेतलेल्या घराच्या मालकिणीनेंच दाराशीं येऊन, "चोवीस तारखेला रात्रीं आम्हांला तुमच्या अंगणांत येऊं द्याल का?" असें विचारावें, असा प्रसंग गेल्या नाताळांत मेक्सिको देशांतील वाहाका शहरीं आमच्यावर आला. पण आधीं आम्ही तेथें गेलों कसे, तें सांगितलें पाहिजे.

आमचे चिरंजीव मेक्सिकोच्या राजधानींत नोकरीस आहेत. सुटी वाहाकांत काढूं, सारींजणें या, असा त्यांचा आग्रह पडला आणि मी, आमच्या घरची मंडळी व वडील वहिनी असे तिघे डिसेंबरच्या मध्यावर तेथें पोंचलों. वहिनींचें वय बहात्तर. त्यांची एकादशी आजवर चुकलेली नाहीं. मांसाहारी मुलखांत त्यांचें कसें निभणार, ही आमची चिंता. त्यांना मात्र ती मुळींच नव्हती. बरोबर तांदूळ, मूगडाळ आणि गोडा मसाला घेऊन त्या निर्धास्त होत्या.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५,००० फूट उंचीवर, तीन खोरीं एकत्र येतात तेथें वसलें आहे. १५३२ सालीं स्पेनच्या राजानें त्यास शहराचा दर्जा दिला. रस्ते सरळ, एकमेकांस काटकोनांत छेदणारे. देवळें व मोठ्या इमारती हिरवट झांक असलेल्या दगडाच्या. भूकंपाचा मुलूख असल्यामुळें भिंती जाड आणि घरें बुटकीं. जवळच्या डोंगरावर मोंते आल्बान हें झापोतेक लोकांचें प्राचीन नगर आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें ५०० वर्षें, डोंगराचा माथाच सपाट करून तें त्यांनीं वसविलें. हें नगर आणि शहराचा जुना भाग यांस १९८७ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें. आमचें घर याच जुन्या भागांत होतें: मधें चौक, भोंवतीं खोल्या, चौकांत लिंबाचें झाड. आपल्याकडच्या वाड्यांत वाढलेल्या माणसास तेथें परकें वाटण्याचें कारण नव्हतें.

वहिनींचें अर्धें लक्ष पहिल्या दिवसापासून बाजाराकडे. तेथील बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यांत शिजवितात, रात्रभर भिजत ठेवितात, धुऊन वाटतात आणि त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या मातीच्या खापरावर भाजतात. चुना विड्याला लावतात एवढेंच आम्हांस ठाऊक! परंतु या चुन्यामुळेंच मक्यांतील एक जीवनसत्त्व अंगीं लागतें. मका युरोपांत गेला, त्याबरोबर ही कृति गेली नाहीं, म्हणून केवळ मक्यावर जगणाऱ्या तिकडील गरिबांस पेलाग्रा नांवाचा रोग जडला. मक्याचीं फार जुनीं कणसें याच खोऱ्यांतील एका गुहेंत सांपडलीं; तीं सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचीं आहेत. आणि याच पिकावर पुढें मेक्सिकोंत संशोधन करणारे शास्त्रज्ञ आपले वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे होत. चापिंगोच्या शेतकी विद्यालयांत ते अध्यापक होते, आणि दिएगो रिवेरा या चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांना पंक्तीच्या अग्रभागीं बसविलें आहे.

मुक्कामांतली पहिली एकादशी आली. वहिनी बाजारांतून परतल्या त्या हातांत राजगिऱ्याची वडी घेऊनच. लाह्या त्याच, पाक गुळाचा, वर शेंगदाणे. तिकडे तिला 'आलेग्रिया', म्हणजे आनंद, म्हणतात. राजगिरा मूळचा तिकडचाच. तेथील जुने लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ति करून प्रसाद म्हणून खात, आणि म्हणून स्पॅनिश पाद्री या धान्यावर रुष्ट होते. मग चिरंजीवांनीं हिशेब मांडला: रताळें, बटाटा, शेंगदाणा, साबूदाणा, मिरची, सारीं अमेरिका खंडांतलीं! "म्हणजे कोलंबसापूर्वीं आपल्या पणज्या उपासाला खात तरी काय होत्या?" या प्रश्नाला वहिनींनीं उत्तर दिलें नाहीं. त्या चॉकोलेट घुसळण्याची लांकडी रवी पाहण्यांत गुंतल्या होत्या. दोन्ही तळहातांत धरून ती आपल्या रवीसारखीच फिरवितात.

तेवीस तारखेला मुख्य चौकांत मुळ्यांची रात्र असते. पूर्वीं भाजीवाले गिऱ्हाईक ओढण्यासाठीं मुळे कोरून मांडीत. १८९७ सालीं नगराध्यक्षानें त्याची रीतसर स्पर्धाच सुरू केली. मुद्दाम जमिनींत जास्त दिवस राखून वाढविलेले हातभर लांबीचे लाल मुळे कोरून त्यांतून देव, मिरवणुकी, लग्नाच्या वराती उभ्या करितात. कांहीं तासांतच कडा काळवंडूं लागतात, म्हणून कारागीर सारखे पाणी शिंपडीत असतात. एवढी मेहनत एका रात्रीच्या शोभेसाठीं! पण आपल्या रांगोळीचें तरी दुसरें काय?

आतां घरमालकीणबाईंची गोष्ट. तो वाडा त्यांच्या आजोबांचा. त्यांच्यासकट तीन भावंडांचीं कुटुंबें तेथें एकत्र राहत होतीं. पुढें प्रवाशांचा ओघ वाढला, भाडीं चढलीं, आणि वाडा भाड्यानें देऊन तिन्ही कुटुंबें शहराबाहेर तीन ठिकाणीं पांगलीं. बाहेरच्या पाहुण्यांमुळें स्थानिकांना शहर परवडेनासें झालें, म्हणून २०२४ च्या जानेवारींत येथें मोर्चाही निघाला होता. पाण्याची टंचाई तर नेहमींचीच. नळास रोज पाणी नसतें, हौद भरून ठेवावा लागतो किंवा टँकर मागवावा लागतो. आम्ही दोन वेळां निवांत स्नानें करणारे, त्या पाहुण्यांपैकींच होतों. हें मला कळलें, तरी इतके दिवस जाणवलें नव्हतें.

नाताळपूर्वींच्या नऊ रात्री तेथें 'पोसादा' करितात. योसेफ आणि मारिया यांस बेथलेहेमांत उतरावयास जागा मिळेना, त्याचें हें स्मरण. एक जथा बाहेर उभा राहून गाण्यांतून जागा मागतो. आंतील मंडळी गाण्यांतूनच नकार देतात आणि शेवटीं दार उघडतात. बाईंना शेवटची पोसादा त्याच दारांत करावयाची होती. चिरंजीवांनीं त्यांचें बोलणें आम्हांस समजाविलें. मी भाड्याच्या कराराचा विचार करीत असतां वहिनी म्हणाल्या, "त्यांच्याच घरांत यायला त्यांना कसली परवानगी? पण आंत कोणी हवें ना नकार द्यायला! आपण देऊं."

चोवीस तारखेला रात्रीं पंचवीस-तीस माणसें मेणबत्त्या घेऊन बाहेर उभीं राहिलीं. आंत आम्ही चौघें आणि मदतीस बाईंची एक पुतणी. चिरंजीवांनीं नकाराचे शब्द देवनागरींत लिहून दिले होते. बाहेर त्या घरांत जन्मलेली माणसें जागा मागत होतीं आणि आंतून मी, महिन्याचा भाडेकरी, कागद पाहून त्यांना नाहीं म्हणत होतों. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज निघेना. आमच्या घरच्या मंडळींनींच तें कसेंबसें पुरें केलें. वहिनींनीं गाणें संपण्याची वाट न पाहतां कडी काढली. पुतणी हंसूं लागली, बाहेरचेही हंसले, आणि राहिलेलें कडवें साऱ्यांनीं चौकांत येऊन म्हटलें. मग बाईंनीं लिंबाखालीं गव्हाणीचा देखावा मांडला. त्यांचे थोरले बंधू बराच वेळ एका खोलीच्या उंबऱ्याशीं उभे होते. ती त्यांची जन्मखोली, असें मागाहून कळलें. आम्ही तेथें आमच्या बॅगा ठेविल्या होत्या.

सहा जानेवारीला तीं सारीं पुन्हां आलीं, तीन राजांच्या सणाचा गोल पाव घेऊन. त्यांत लहानशी बाहुली दडविलेली असते. ती ज्याच्या तुकड्यांत निघेल, त्यानें २ फेब्रुवारीला सर्वांना तामाले, म्हणजे पानांत उकडलेले मक्याचे पिठाचे मुटके, खाऊं घालावयाचे. पावांत अंडें असल्यामुळें वहिनी खाणार नव्हत्या; मान राखण्यासाठीं सुरी तेवढी त्यांनीं धरली, आणि बाहुली त्यांच्याच तुकड्यांत निघाली.

आमचीं परतीचीं तिकिटें २० जानेवारीचीं. वहिनींनीं निघतांना पैसे देऊं केले, ते बाईंनीं घेतले नाहींत. तेव्हां ते चिरंजीवांच्या हातीं ठेवून, चरबीऐवजीं तेल घालून चाळीस तामाले करवून घेण्याची ताकीद वहिनींनीं दिली. दोन फेब्रुवारीला पुण्यांत रात्रीं अकरा वाजतां त्यांनीं मला फोन लावावयास लाविलें. तिकडे तेव्हां सकाळ होती. चिरंजीव वाहाकाच्या गाडींत होते.