चित्रात आपण कुठे उभे?

गेल्या रमजान ईदला आम्ही सहकुटुंब माझ्या कचेरीतील एका सहकाऱ्यांच्या घरी गेलो होतो. त्यांचे घर भिवंडीतल्या जुन्या मोहल्ल्यात, खाली लूमचा कारखाना आणि वर संसार. ते नुकतेच उमरा करून, येताना तुर्कस्तानातील इस्तंबूल शहर पाहून परतले होते. शीरखुर्म्याच्या वाट्या पुढे आल्या आणि त्यांनी मोबाईलवर तिथल्या एका वस्तुसंग्रहालयाचे चित्रण दाखवले. तोफांचा धूर, कोसळणारी तटबंदी, हजारो सैनिक, वर पसरलेले आभाळ.

सहावीतल्या माझ्या मुलीने विचारले, "काका, हा सिनेमा आहे का?"

"नाही बेटी, चित्र आहे. माणूस मध्ये उभा राहतो आणि चित्र चारी बाजूंनी फिरते."

तिने थोडा वेळ पाहिले आणि पुन्हा विचारले, "मग यात आपण कुठे उभे आहोत?"

सहकारी हसून म्हणाले, "सुलतानाच्या बाजूला."

घरी येताना शिवाजी चौकातल्या गर्दीतही तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. इतिहासाचे चित्र आपल्याला नेहमी कुणाच्या तरी बाजूला उभे करते. कुणाच्या, हे आपण विचारतो का? या प्रश्नाला भिवंडीत विशेष अर्थ आहे. म्हणून आधी त्या वस्तुसंग्रहालयाची ओळख करून घेऊ.

तोफेचा दरवाजा

'पॅनोरमा १४५३' असे त्याचे नाव. इस्तंबूल महानगरपालिकेच्या पुढाकाराने ते उभे राहिले आणि ३१ जानेवारी २००९ रोजी लोकांसाठी खुले झाले. जागा आहे टॉपकापी नावाच्या भागात, शहराच्या जुन्या तटबंदीजवळ. तुर्की भाषेत 'टॉप' म्हणजे तोफ आणि 'कापी' म्हणजे दरवाजा. आपल्या मराठीतला 'तोफ' हा शब्दही मूळचा तिकडचाच, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला.

या शहराचे पूर्वीचे नाव कॉन्स्टँटिनोपल. ग्रीक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती साम्राज्याची ती अकराशे वर्षांहून अधिक काळ राजधानी होती. १४५३ साली २१ वर्षांच्या दुसऱ्या मेहमेद या उस्मानी सुलतानाने तिला वेढा घातला. ६ एप्रिल ते २९ मे असे ५३ दिवस तो चालला. आत लढणारे सुमारे सात हजार, बाहेर त्यांच्या कितीतरी पट. बंदराच्या तोंडावर शहरवाल्यांनी मोठी लोखंडी साखळी ताणून जहाजांची वाट अडवली होती. तेव्हा सुलतानाने चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून आपली जहाजे डोंगर चढवून पलीकडच्या पाण्यात उतरवली.

तटबंदी फोडणारी मोठी तोफ ओतली ती ऑर्बान नावाच्या हंगेरीकडच्या कारागिराने. हा कारागीर आधी शहराच्या सम्राटाकडेच नोकरी मागायला गेला होता. सम्राटाच्या तिजोरीत त्याला पुरेसा पगार द्यायला पैसे नव्हते. सुलतानाने मागितल्यापेक्षा जास्त दिले. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला ही गोष्ट फार बोलकी वाटते. कारागिराला उपाशी ठेवणारे राज्य कितीही जुने असले तरी त्याच्या भिंती टिकत नाहीत.

डोळ्यांना फसवणारी कला

आता चित्राची करामत पाहू. वस्तुसंग्रहालयात शिरल्यावर आधी अंधाऱ्या वाटेने जावे लागते. मग जिना चढून माणूस एकदम एका प्रचंड घुमटाच्या मधोमध येतो. घुमटाचा व्यास ३८ मीटर. आठ कलावंतांनी २००५ ते २००८ या काळात त्याचे काम केले. सुमारे दहा हजार माणसे त्यात रेखाटली आहेत.

अंधारातून उजेडात आल्यामुळे डोळ्यांचा अंदाज चुकतो. चित्राला चौकट नाही, वरची कड नाही. आभाळ डोक्यावरून पलीकडे जाते. पायाखालच्या चौथऱ्यापासून चित्रापर्यंतच्या जागेत खऱ्यासारख्या तोफा, पिंपे, गाड्या मांडल्या आहेत. खरी वस्तू कुठे संपली आणि रंग कुठे सुरू झाला ते कळत नाही. त्यात तोफांचे आवाज आणि लष्करी वाद्ये. बघणारा बघणारा उरत नाही, लढाईतला एक होतो.

ही कला तुर्कांची नव्हे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे तिला 'पॅनोरमा' हा ग्रीक शब्दांवरून केलेला शब्द मिळाला. अर्थ, 'सर्व काही दिसणे'. ग्रीकांच्या पराभवाच्या चित्राला ग्रीकच नाव लाभावे, हाही इतिहासाचा एक खेळ.

पण 'सर्व काही' खरेच दिसते का? चौथऱ्यावर उभा राहिलेला माणूस तटबंदीच्या बाहेर, चढाई करणाऱ्या फौजेत असतो. भिंतीपलीकडे घरे होती, मुले होती, म्हातारी माणसे होती. ती चित्रात नाहीत. चित्र विजयाच्या क्षणाला थांबते. त्यानंतर शहराची लूट झाली, हजारो रहिवाशांना गुलाम करून नेले गेले. तोही इतिहासच आहे. पुढे याच सुलतानाने उजाड शहरात निरनिराळ्या धर्मांची माणसे आणून वसवली आणि ग्रीक ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पीठाला मान्यता दिली, तोही इतिहास आहे. पण घुमटात मावतो तो एकच क्षण, एकाच बाजूने पाहिलेला.

टिपूचा पराभव, लंडनमध्ये तिकीट लावून

हे केवळ तुर्कांचेच आहे असे कुणी समजू नये. ४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण जिंकले आणि टिपू सुलतान लढता लढता पडला. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट कर पोर्टर या तरुण चित्रकाराने त्या चढाईचे सुमारे १२० फूट लांबीचे अर्धगोल चित्र मांडले. लंडनकर पैसे भरून ते पाहायला लोटले. चित्रकार श्रीरंगपट्टणला गेलेला नव्हता. ऐकीव माहितीवरून त्याने सारे रंगवले. लंडनचा प्रेक्षक अर्थातच इंग्रज शिपायांच्या मागे उभा होता. तटावरचा हिंदी माणूस त्याच्यासाठी फक्त शत्रू होता.

वाचकहो, चित्र काढणारा आपली बाजू निवडतो. त्यात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो बघणाऱ्याने ते विसरण्यात.

आमच्या गावाने भोगलेले

भिवंडीकरांना हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी या शहरात दंगल पेटली. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच. माग बंद पडले, कांड्या भरणाऱ्या बायांची मजुरी बुडाली, हातावर पोट असलेली कुटुंबे गाव सोडून गेली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जयपराजयाचा हिशेब शेजाऱ्याच्या घरावर चुकता केला की काय होते, ते आमच्या गावाने दोनदा पाहिले.

पण याच गावाने तिसऱ्यांदा ते होऊ दिले नाही. १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सारे एका सतरंजीवर बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या विजयाचा घुमट मात्र अजून कुणी बांधलेला नाही.

१७ मार्च २०२५ रोजी भिवंडी तालुक्यातच मराडेपाडा येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या मंदिराचे लोकार्पण झाले. मंदिराभोवती किल्ल्यासारखी तटबंदी आहे आणि शिवचरित्रातील ३६ प्रसंग तिथे मांडले आहेत. मुलांना जरूर दाखवावे. महाराजांवर आपला हक्क कुणापेक्षा कमी नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली त्यांच्यावर पोवाडा रचला आणि १९२७ साली आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूरला, शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद खुद्द बाबासाहेबांनी भूषवले. पण इस्तंबूल असो की मराडेपाडा, मुलांचा हात धरून फिरताना तीन प्रश्न त्यांच्याबरोबर विचारावेत. आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत? चित्रात कोण नाही? आणि दुसऱ्या दिवशी काय झाले?

पस्तीस मीटर कोरे कापड

मुलीचा प्रश्न घेऊन मी आमच्या वस्तीतल्या विहारात गेलो. रविवारी तिथे मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मुले म्हणाली, आपणही असे गोल चित्र करू. भिवंडीत कापडाला काय तोटा! एका कारखान्याच्या मेहताजींनी डागी निघालेले कोरे कापड स्वस्तात दिले. हिशेब असा: वर्तुळाचा व्यास १८ फूट, म्हणजे घेर सुमारे ५७ फूट. ४४ इंच पन्ह्याच्या दोन पट्ट्या जोडल्या की उंची सात फूट. एकूण कापड लागले ३५ मीटर. शिलाई महिला मंडळाने केली. बांबूचे गोल कडे करून छताला टांगले. आत शिरायचे ते कापडाखालून वाकून, म्हणजे आधी अंधार आणि मग चित्र.

विषय ठरला महाडचे चवदार तळे, २० मार्च १९२७. मधोमध निळ्या कापडाचे पाणी, काठावर बघणारे आणि चौफेर रंगवलेली माणसे.

पहिल्या रविवारी मुलांनी बाबासाहेब पाच फूट उंच काढले आणि बाकी सगळे लोक ठिपके. मलाही ते छान वाटले. पण विहारात नेहमी येणाऱ्या एका आजींनी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाल्या, "साहेब बरोबर काढले रं, पण त्यांच्यामागं चालत आलेली माणसं कुठं हायेत? ती का मुंग्या होती? आणि बाया कुठं हायेत?"

आम्ही सारे गप्प झालो. इस्तंबूलच्या घुमटात मला जी खोट दिसली ती माझ्या विहारात मला दिसली नव्हती.

मग पुन्हा सुरुवात केली. कोकणातल्या गावागावांतून हजारोंच्या संख्येने आलेली माणसे मुलांनी एकेक करून काढली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या खांद्यावर घोंगडी, कुणाच्या फडक्यात भाकरी. प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या एकेका वडीलधाऱ्याचा चेहरा काढला. सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण समाजातले साथी काढले. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेला स्त्रियाही आल्या होत्या आणि बाबासाहेबांनी त्यांच्यासमोर भाषण केले होते. म्हणून कापडाच्या एका भागात तो डिसेंबर रंगवला. तळ्यावरून परतलेल्या आपल्या लोकांवर त्या दिवशी हल्ला झाला, डोकी फुटली, तेही काढले. आणि बाबासाहेब लोकांना शांत राहायला सांगत आहेत, ते त्याच्या शेजारीच काढले. शेवटी १७ मार्च १९३७, उच्च न्यायालयाने तळे सर्वांना खुले असल्याचा निकाल दिला तो दिवस. तीन प्रश्नांतला तिसरा प्रश्न मुलांनी असा सोडवला.

चित्र पाहायला माझे ते सहकारीही मुलांना घेऊन आले. कापडाखालून वाकून आत शिरले आणि बराच वेळ गोल फिरत राहिले. मग माझ्या मुलीला म्हणाले, "बेटी, यात हरलेली फौज कुठे आहे?"

ती म्हणाली, "काका, यात हरलेले कुणी नाहीच. पाणी सगळ्यांनाच मिळाले."

त्यावर मी आणखी काय लिहावे? माता-पित्यांना एवढीच विनंती की मुलांना वस्तुसंग्रहालये दाखवा, किल्ले दाखवा. विजयाच्या चित्रापुढे त्यांना जरूर उभे करा, पण उभे कुठे आहोत हे विचारायला शिकवा. आणि जमेल त्या वस्तीने असे एक कापड टांगावे. पस्तीस मीटर लागते. मोजून ठेवले आहे.