परळच्या कोंबड्यांनी उभा केला प्रश्न: लठ्ठपणा फक्त खाण्यामुळेच येतो का?

परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल' मुंबईकरांना नवीन नाही. त्याच आवारात बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज आहे. 1980च्या दशकात तिथले पशुरोगतज्ज्ञ डॉ. एस. एम. अजिंक्य कोंबड्यांच्या एका साथीचा अभ्यास करत होते. साथ विषाणूची होती, कोंबड्या पटापट मरत होत्या. मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या डॉ. निखिल धुरंधर यांना त्यांनी सहज सांगितलं की, मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात भरपूर चरबी सापडते.

धुरंधर चक्रावले. आजारी प्राणी रोडावतो, इथे उलटंच! त्यांनी 20 निरोगी कोंबड्या घेतल्या आणि निम्म्यांना विषाणू दिला. खाणं सगळ्यांना सारखंच. चरबी वाढली ती फक्त विषाणू दिलेल्यांची, आणि गंमत म्हणजे त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र कमी झालं. मग त्यांनी 52 लठ्ठ रुग्णांचं रक्त तपासलं. 10 जणांत या विषाणूच्या खुणा, म्हणजे अँटिबॉडीज, सापडल्या. या दहा जणांचं वजन इतरांपेक्षा जास्त होतं आणि कोलेस्टेरॉल कमी. अजिंक्य यांच्या नावावरून या विषाणूला 'एसएमएएम-1' म्हणतात. अर्थात, अँटिबॉडी सापडली म्हणजे लठ्ठपणा विषाणूनेच आला असं सिद्ध होत नाही. पण पुढे अमेरिकेत धुरंधर यांनी 'एडी-36' या माणसातल्या विषाणूवर काम केलं, तेव्हा प्राण्यांमध्ये तसाच परिणाम दिसला.

विषाणू बाहेरून येतो. आतड्यातले अब्जावधी जिवाणू तर कायमचे भाडेकरू! आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात आणि त्यातून शरीराला जादा ऊर्जा मिळते. 2004 मध्ये अमेरिकेत जिवाणूरहित उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले. खाणं कमी होऊनही दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली.

2013चा प्रयोग तर आणखी भारी. जुळ्या बहिणींमध्ये एक लठ्ठ, दुसरी सडपातळ. दोघींच्या विष्ठेतले जिवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले, तर लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवल्यावर (उंदीर एकमेकांची विष्ठा खातात!) सडपातळ बहिणीचे जिवाणू वरचढ ठरले, पण खाणं चोथायुक्त आणि कमी चरबीचं असेल तरच.

मग उपचार? सडपातळ माणसांची विष्ठा कॅप्सूलमध्ये भरून लठ्ठ रुग्णांना देऊन पाहिली गेली. वजनात लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे 'वजन घटवणाऱ्या' प्रोबायोटिक गोळ्यांवर पगार उडवण्यापेक्षा दादरच्या भाजी मार्केटमधून मेथी, गवार, मटकी आणलेली बरी. जिवाणूंना तोच चोथा लागतो. आणि वजन खूप असेल तर डॉक्टरांकडे जायला लाजायचं कारण नाही. "कमी खा की जरा!" एवढं सांगून सुटणारं हे गणित नाही, हे परळच्या कोंबड्यांनी कधीच दाखवून दिलंय.