‘पुन्हा’चे व्याकरण : फेरनिवडीची घोषवाक्ये आणि काठीचा श्रोता

म्हण, वाक्प्रचार आणि उखाणा या लघुरूपांचा अभ्यास मराठीत पुष्कळ झाला आहे. त्यांच्याइतकेच आटोपशीर, नादानुकूल आणि तोंडोतोंडी फिरणारे निवडणुकीचे घोषवाक्य मात्र ‘प्रचार’ या सदरात टाकून बाजूला ठेवले जाते. प्रस्तुत लेखात या रूपाच्या एकाच प्रकाराचा विचार करावयाचा आहे : सत्तेवर असलेली व्यक्ती किंवा पक्ष पुन्हा कौल मागतो, तेव्हा त्याच्या घोषवाक्याची भाषिक घडण कशी असते?

भारताच्या राष्ट्रपतींची निवड संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. राजेंद्रप्रसाद १९५२ व १९५७ असे दोनदा निवडून आले, तरी सामान्य मतदाराला उद्देशून घोषणा रचण्याचे तिथे कारण नव्हते. त्यामुळे या प्रकाराची सर्वांत जुनी व सलग परंपरा अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत पाहावी लागते, आणि आपल्याकडचे तिचे प्रतिरूप लोकसभा व विधानसभांच्या निवडणुकांत शोधावे लागते.

यादवी युद्ध चालू असताना, १८६४ साली, लिंकनच्या बाजूने एक लोकोक्ती वापरली गेली : नदी ओलांडताना मधोमध घोडा बदलू नये. १९०० साली मॅकिन्लेच्या प्रचाराने कामगाराच्या भरलेल्या जेवणाच्या डब्याकडे बोट दाखवले. १९१६ साली विल्सनने देशाला युद्धाबाहेर ठेवले, असे भूतकाळी विधान पुढे आले. तो पुन्हा निवडून आला आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये देश युद्धात उतरला. सर्वांत बोलके उदाहरण आयझेनहॉवरचे आहे. १९५२ सालच्या ‘आय लाइक आइक’ या घोषणेत १९५६ साली ‘स्टिल’ या एका क्रियाविशेषणाची भर पडली. ‘आवडतो’चे ‘अजूनही आवडतो’ झाले आणि चार वर्षांचा सारा कारभार त्या ‘अजूनही’मध्ये गृहीत धरला गेला.

फेरनिवडीच्या घोषवाक्याचे हेच मुख्य लक्षण मानता येईल. पहिल्यांदा मत मागणारा भविष्याविषयी बोलतो आणि भविष्य पडताळता येत नाही. पुन्हा मत मागणाऱ्याला ‘पुन्हा’, ‘अजून’, ‘ठेवा’, ‘चालू द्या’ अशा शब्दांचा आधार घ्यावा लागतो. या शब्दांचा अर्थ श्रोत्याच्या अनुभवावाचून पुरा होत नाही. ‘पुन्हा’ म्हणताच ‘मागील वेळी काय झाले?’ हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर वक्त्याच्या हाती राहत नाही.

अर्थात ‘पुन्हा’ हा शब्द सत्ताधाऱ्याचीच मालमत्ता नव्हे. २०१६ साली ट्रम्प यांनी अमेरिकेला ‘पुन्हा’ महान करण्याची भाषा केली. तिथे तो शब्द हरवलेल्या काळाचा होता. २०२० साली ते स्वतः सत्तेवर होते, म्हणून घोषणेतले ‘पुन्हा’ जाऊन ‘महान ठेवा’ आले. पराभवानंतर, २०२४ साली, जुने ‘पुन्हा’ परतले. आव्हानवीराचा ‘पुन्हा’ स्मरणरंजनाचा असतो, तर सत्ताधाऱ्याचा ‘पुन्हा’ हिशेबाचा असतो.

भारतातील उदाहरणे या विवेचनाला पुष्टी देतात. १९७१ साली इंदिरा गांधी सत्तेवर होत्या, पण ‘गरीबी हटाओ’ या घोषणेत सत्तेची खूण नाही. विरोधकांच्या ‘इंदिरा हटाओ’मधील क्रियापद तसेच ठेवून केवळ कर्म बदलले गेले आणि सत्ताधारी आव्हानवीराच्या भूमिकेत गेला. हिशेब टाळण्याची ही प्रभावी युक्ती होती. २००४ साली सरकारी जाहिरातींतून पुढे आलेल्या ‘इंडिया शायनिंग’ने उलट मार्ग धरला. देश चमकत असल्याचे वर्तमानकाळी विधान ज्यांच्या अनुभवाला पटले नाही, त्यांच्या दृष्टीने ते उपरोधिक ठरले. २०१४ सालचे ‘अब की बार’ २०१९ साली ‘फिर एक बार’ झाले. आयझेनहॉवरच्या ‘स्टिल’प्रमाणे इथेही बदल क्रियाविशेषणाचाच होता.

मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे देवेंद्र फडणवीस यांनी २०१९ साली विधानसभेत उच्चारलेले ‘मी पुन्हा येईन’. ‘पुन्हा निवडून द्या’मध्ये मतदार कर्ता आहे, ‘येईन’मध्ये वक्ताच कर्ता आहे आणि मतदार वाक्याबाहेर राहतो. त्या वर्षाअखेर सत्ता गेली तेव्हा विरोधकांनी हेच वाक्य उपहासासाठी वापरले. ५ डिसेंबर २०२४ रोजी ते मुख्यमंत्री झाले तेव्हा समर्थकांनी तेच भविष्यकथन म्हणून मिरवले. शब्द तेच राहिले, अर्थ प्रसंगाने ठरवला.

आता श्रोत्याकडे वळणे आवश्यक आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्यातील गाव, एके काळचे मेवासी संस्थान. इथल्या आदिवासी समाजाची घरची बोली भिली गटातील आहे. ‘फिर एक बार’ हिंदीतून येते, ‘पुन्हा’ मराठीतून. म्हणजे इथला श्रोता घोषणा दोनदा उलगडतो : एकदा भाषेच्या पातळीवर, एकदा अनुभवाच्या. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या नंदुरबार लोकसभा मतदारसंघाने माणिकराव गावित यांना सलग नऊ वेळा निवडून दिले. २०१४ साली हीना गावित विजयी झाल्या. ‘फिर एक बार’च्या २०१९ सालीही त्याच निवडून आल्या. २०२४ साली ‘फिर एक बार’ कायम होते, पण इथे गोवाल पाडवी विजयी झाले. एकाच ‘फिर’ला पाच वर्षांच्या अंतराने दोन भिन्न उत्तरे मिळाली. त्याची राजकीय कारणे अनेक असतील. घोषवाक्याच्या अभ्यासकाला त्यातून एवढे निश्चित दिसते की शब्दाची पुनरावृत्ती म्हणजे संमतीची पुनरावृत्ती नव्हे.

काठीला पुनरावृत्तीचे एक वेगळे रूप परिचित आहे. इथली राजवाडी होळी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. उंच बांबूचा दांडा उभारला जातो, रात्रभर ढोल वाजतात, पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप व कमरेला घुंगरू-भोपळे बांधून नाचणारे अनेक जण नवसाचे असतात आणि ते आधी काही दिवस व्रताचे नियम पाळतात. दरवर्षी ‘पुन्हा’ येणाऱ्या या सोहळ्यात पुनरावृत्तीचा अधिकार आधी स्वतःवर बंधन घालून मिळवावा लागतो. २०१९ व २०२४ या दोन्ही वर्षी होळी आली तेव्हा लोकसभेची आचारसंहिता लागू झालेली होती. व्रताचा ‘पुन्हा’ आणि प्रचाराचा ‘पुन्हा’ एकाच महिन्यात एकाच श्रोत्याच्या कानी पडले.

या योगायोगावरून मोठा सिद्धांत उभारण्याचे कारण नाही. मात्र घोषवाक्याचा अभ्यास व्यासपीठावरील संहितेपाशी थांबला, तर तो अर्धाच राहतो. ‘पुन्हा’ हा शब्द वक्ता उच्चारतो. त्याचा अर्थ काठीसारख्या गावात, तिथल्या बोलीत आणि तिथल्या आठवणीत पुरा होतो. त्या आठवणीची नोंद त्याच बोलीत करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येईल असे काम आहे, आणि ते अद्याप मोठ्या प्रमाणावर व्हावयाचे आहे.