भाग : छोट्या टेम्पोतून बाईक न्यायची आहे? आधी हे ऐका

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘अं’, ‘म्हणजे’ थोडे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

मी बोलतोय राईवरून. भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागलात की मुर्धा, मग राई, मग मोर्वा. आज मागे ट्रॅक्टरचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला : ‘दादा, मला माझी बुलेट आणि बहिणीची स्कूटर गावी न्यायची आहे. ओळखीतला छोटा हत्ती मिळतोय. दोरीने बांधून नेली तर चालेल ना? मागे एक मित्र बसेल धरायला.’

शेवटचं वाक्य मी तीनदा ऐकलं. कारण आमच्या घरात हेच वाक्य बोललं गेलं होतं आणि ते आम्हाला महागात पडलं. म्हणून आजचा अख्खा भाग याच विषयावर.

आमची गोष्ट

काकांचा टेम्पो होता. आतेभावाची दीडशे सीसीची बाईक पेणला मामाकडे पोचवायची होती. आम्ही दोघांनी ती उचलून हौद्यात चढवली, मेन स्टँडवर लावली आणि निळ्या प्लास्टिकच्या दोरीने हँडल दोन्ही बाजूंना बांधलं. गाठी मीच मारल्या. भाऊ म्हणाला, ‘मी मागे बसतो, धरतो. तू चल बिनधास्त.’

काशीमिऱ्यावरून घोडबंदरचा रस्ता धरला. गायमुखच्या उतारावर पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला, मीही मारला. माझा वेग चाळीसच्या वर नव्हता, टेम्पो वेळेत थांबला आणि रिक्षाला धक्काही लागला नाही. पण मागून जो आवाज आला, तो आजही कानात आहे. बाईक स्टँडवरून सुटून पुढे सरकली आणि आडवी झाली. खाली भावाचा पाय होता. नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला.

भाऊ कबड्डीत चढाई करायचा. आता तो चालतो, धावतो, कामावरही जातो, पण चढाईला जात नाही. मला एका शब्दानेही कधी बोलला नाही. गाठी मी मारल्या होत्या, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

असो. नेमकं चुकलं काय, ते एकेक करून बघू.

चूक पहिली : मेन स्टँड

मेन स्टँडवरून गाडी काढताना आपण काय करतो? पुढे ढकलतो. स्टँड दुमडतो, गाडी चाकांवर येते. टेम्पोला ब्रेक लागला की बाईकला पुढे जायचं असतं, म्हणजे ब्रेक तेच काम करतो जे आपण रोज सकाळी हाताने करतो. मेन स्टँडवर बांधलेली बाईक ही सुटायला तयार असलेली बाईक.

साइड स्टँडही नको. त्यावर गाडी एका अंगाला झुकलेली असते, प्रत्येक खड्ड्याला वजन त्या एका पायावर आपटतं. स्टँड वाकतो किंवा सरकतो, आणि पट्टे ढिले पडतात.

मग गाडी कशी ठेवायची? दोन्ही चाकांवर, सरळ उभी, स्टँड वर करून. तिला उभं ठेवायचं काम पट्ट्यांचं.

चूक दुसरी : ‘मी धरतो’

थोडं गणित करू, सोपं आहे. माल बांधण्याच्या युरोपातल्या मानकात असं धरतात की जोरात ब्रेक लागला तर माल स्वतःच्या वजनाच्या 0.8 पट जोराने पुढे जाऊ बघतो. वळणावर बाजूला आणि निघताना मागे 0.5 पट.

भावाची बाईक साधारण 150 किलोची. तिच्या 0.8 पट म्हणजे 120 किलो. हलत्या हौद्यात उभा राहून तो 120 किलो धरायला निघाला होता. ताकदवान माणूस होता, पण हे ताकदीचं काम नव्हतंच. ब्रेक लागला की धरणारा माणूसही पुढे फेकला जातो, तो दुसऱ्याला काय धरणार?

तुमची बुलेट 350 असेल तर वजन 195 किलोच्या आसपास. म्हणजे पुढे जवळपास 156 किलोचा जोर. हे आकडे जोरात लागलेल्या ब्रेकचे आहेत, आणि आपल्या रस्त्यावर तसा ब्रेक दिवसातून चारदा लागतो.

म्हणून पहिला नियम लिहून ठेवा : हौद्यात माणूस बसवायचा नाही. दहा मिनिटांचा रस्ता असला तरी नाही. गाडी धरायला माणूस लागतोय, याचा अर्थ ती नीट बांधलेली नाही.

चूक तिसरी : दोरी

ती निळी-हिरवी दोरी आपल्याकडे प्रत्येक घरात असते. ती गुळगुळीत असते, गाठ सरकते. उन्हात पडून पडून कडक आणि कमजोर होते. आणि मुख्य म्हणजे हाताने ओढून ती पुरेशी ताणता येत नाही. उत्तनच्या कोळीवाड्यातला एखादा खलाशी अशी गाठ मारेल की वादळात हलणार नाही. पण मी तो खलाशी नव्हतो, आणि तुमच्यातलेही बरेच जण नसतील.

आपल्यासाठी रॅचेटचे पट्टे. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी बघा, तो किती भार झेलतो ते तिच्यावर लिहिलेलं असतं. चिठ्ठीच नसेल तर घेऊ नका. पट्टा कडेला फाटलेला, शिवण उसवलेली असेल तर तो कपडे वाळत घालायला ठेवा.

एका बाईकला निदान चार पट्टे : दोन पुढे, दोन मागे.

बांधायचं कसं?

एक. पुढचं चाक केबिनच्या मागच्या भिंतीला टेकवा. दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे, म्हणजे चाक वळणार नाही. चाकाखाली किंवा चाकाच्या पुढे गादी, जुना टायर असलं काही घालू नका. ते दबतं, आणि ते दबलं की पट्टे ढिले. गादी दोन गाड्यांच्या मध्ये चालेल, रंग घासू नये म्हणून.

दोन. पुढचे पट्टे हँडलच्या टोकांना नाही. हँडलच्या खाली जिथे दोन्ही शॉकअप धरलेले असतात, त्या जाड लोखंडी भागाला पट्टा घ्या. मध्ये जुना टी-शर्ट गुंडाळा. क्लचची तार, ब्रेकचा पाइप, वायरी पट्ट्याखाली येत नाहीत ना, ते बघा.

तीन. पट्टा पुढे आणि बाहेर तिरका गेला पाहिजे, साधारण 45 अंशांत. अगदी उभा असेल तर गाडी सरकायची थांबत नाही, अगदी आडवा असेल तर खाली दाबली जात नाही. दुसरं टोक हौद्याच्या पक्क्या कडीला. पत्र्याच्या काठाला नाही आणि फाळक्याला तर अजिबात नाही.

चार. दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या ताणा. पुढचा शॉकअप साधारण अर्धा दबला की पुरे. पूर्ण दाबलात तर ऑइल सील जायची भीती आणि खड्ड्यात दबायला जागाच उरत नाही. कमी दाबलात तर खड्ड्यात शॉकअप खाली जाईल, पट्टा क्षणभर सैल होईल आणि हूक निसटेल.

पाच. मागचे दोन पट्टे चेसीला किंवा पिलियनच्या मजबूत लोखंडी पकडीला, मागच्या दिशेला तिरके. हे गाडीचं शेपूट उडू देत नाहीत.

सहा. बाईक पहिल्या गिअरमध्ये ठेवा. स्कूटरला गिअर नाही, म्हणून मागचा ब्रेक दाबून लिव्हर पट्टीने बांधा. स्कूटरच्या पुढच्या प्लास्टिकवर पट्टा आवळलात तर तडा गेलाच समजा.

आता गाडी हाताने हलवून बघा. बाईक हलली की टेम्पो हलला पाहिजे. बाईक एकटीच हलत असेल तर परत बांधा.

गंमत म्हणजे हे तत्त्व सगळीकडे एकच आहे. गुलमर्गला बर्फावर चालणाऱ्या ज्या स्नोमोबाइल दिसतात, त्या कॅनडा-अमेरिकेत लोक घरच्या पिकअपमधून नेतात. वजन दोनशे-तीनशे किलो. तिथेही पुढच्या पट्ट्या आडव्या दांड्याने हौद्याच्या तळाशी दाबायच्या, मागून पट्टे ताणायचे आणि फाळक्यावर भरवसा ठेवायचा नाही. बर्फ असो की घोडबंदरचे खड्डे, ब्रेक सारखाच लागतो.

चढवताना

हौदा जमिनीपासून अडीच फूट धरा. सहा फुटांची फळी लावलीत तर चढ साधारण 25 अंशांचा, आठ फुटांची लावलीत तर 18 अंशांचा. त्या दोन फुटांसाठी शेजाऱ्याकडे फळी मागायला लाजू नका. फळी जाड हवी आणि वरचं टोक हौद्याला बांधलेलं हवं. चाक वर चढताना फळी मागे सरकते, पाय तिथे मोडू शकतो. टेम्पो सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकाखाली दगड. इंजिन बंद, दोन माणसं, आणि कुणीही फळीच्या खाली किंवा बाईकच्या बरोबर मागे उभं राहायचं नाही.

वजन आणि कागद

छोट्या हत्तीची माल नेण्याची ताकद मॉडेलप्रमाणे बदलते, पाऊण टनाच्या आसपास धरा. नेमका आकडा आरसी बुकातून काढा : भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. केबिनमधली माणसंही त्यात मोजायची. दोन बाईक सहज बसतात. गडबड होते ती ‘जातोच आहे तर’ म्हणून वर चढणाऱ्या फ्रिज, कपाट आणि तांदळाच्या गोणींची. आणि पेट्रोलच्या गाडीशेजारी गॅसचा सिलिंडर नको. टाकीतही पेट्रोल कमीच ठेवा. रेल्वेच्या पार्सलने बाईक पाठवताना तर टाकी पूर्ण रिकामी करायला लावतात, ते उगाच नाही.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. माल ठरलेल्या मर्यादेपलीकडे बाहेर आला तरी 20,000. म्हणून निघायच्या आधी टेप घेऊन हौदा मोजा. बुलेट सात फुटांची असते, फाळका बंद होतो का ते घरीच बघा.

आणि विमा. फक्त थर्ड पार्टी असेल तर बाईकचं नुकसान तुमच्या खिशातून. सर्वसमावेशक पॉलिसीत रस्त्याने, रेल्वेने नेतानाचं नुकसान सहसा धरलेलं असतं. आपली पॉलिसी काढून वाचा.

रस्त्यावर

पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्येच सैल पडतात, कारण शॉकअप, टायर, पट्टा सगळंच आपापल्या जागी बसतं. राईवरून निघालात तर काशीमिऱ्याला थांबा, उतरा, हाताने बघा. घोडबंदर पार केल्यावर परत. मग दर चहाला एकदा.

वेग कमी ठेवा. चाळीसऐवजी साठने गेलात तर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. मागून कुणी हॉर्न मारेल, मारू द्या.

शेवटचं

व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : टेम्पोने ने, खुशाल ने. आठ पट्टे घे, लांब फळी घे. आणि तुझ्या त्या मित्राला पुढे केबिनमध्ये बसव, बेल्ट लावून. गाणी लावायचं काम त्याला दे.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी भावाला विचारलं, तुझी गोष्ट सांगू का? तो म्हणाला, ‘सांग. पण पट्टे कितीला मिळतात तेपण सांग, नाहीतर पोरं परत दोरीच घेतील.’

तर ऐका : चांगल्या पट्ट्यांच्या सेटला एका बाईकच्या सर्व्हिसिंगइतके पैसे जातात, त्याहून फार नाही.

प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. बाईक हलवायची तयारी करणारा कुणी ओळखीत असेल, तर हा भाग त्याला आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून जा.