दूरनियंत्रण, गृहसंगणकाचे

दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडलेला संगणक त्याच्याजवळ न जाता, साधारणपणे २ ते ४ मी. अंतरावरील कोचावर बसून चालविण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. संदेश पाठविणाऱ्या हातातील साधनास दूरनियंत्रक म्हणतात. व्यवहारात मात्र ‘रिमोट’ हाच शब्द रूढ आहे. चित्रपट, संगीत, छायाचित्रे व आंतरजालावरील कार्यक्रम यांसाठी असा संगणक वापरतात. साध्या दूरचित्रवाणी संचाला फार थोड्या आज्ञा द्याव्या लागतात : संच चालू वा बंद करणे, वाहिनी बदलणे, आवाज कमीजास्त करणे इत्यादी. संगणकाचे तसे नाही. समोर कळफलक व शेजारी माऊस घेऊन हाताच्या अंतरावर बसलेला माणूस गृहीत धरूनच त्याची रचना झालेली आहे. त्यामुळे संदेश खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास नेणे हा या विषयातील सोपा भाग होय. तो पोहोचल्यावर पडद्यावर काय घडावे, हे ठरविणे अवघड आहे.

इतिहास : बिनतारी संदेशाने यंत्र चालविण्याचे पहिले गाजलेले प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे केले. रेडिओ तरंगांनी नियंत्रित केलेली एक लहान नाव त्यांनी पाण्याच्या टाकीत चालवून दाखविली. घरगुती वापरात दूरनियंत्रक आला तो मुख्यतः दूरचित्रवाणीमुळे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये विक्रीस आणलेला नियंत्रक संचाला लांब तारेने जोडलेला असे आणि ती तार घरातल्यांच्या पायांत येई. १९५५ मध्ये याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी प्रकाशझोतावर चालणारा बिनतारी नियंत्रक तयार केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशविद्युत् घट बसविलेले असत. विजेरीसारख्या साधनाचा झोत ज्या कोपऱ्यावर पडेल, त्यानुसार चित्र वा आवाज बंद होई किंवा वाहिनी पुढेमागे सरके. मात्र खिडकीतून येणारे ऊन घटांवर पडले, की कोणी काही न करताही वाहिन्या बदलू लागत.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲड्लर यांनी श्राव्यातीत (माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनीचा उपाय योजला. त्यांच्या नियंत्रकात ॲल्युमिनियमाच्या सुमारे ६.५ सेंमी. लांबीच्या चार कांड्या असत. बटण दाबले, की आतील लहान हातोडी कांडीवर आपटे व कांडी दर सेकंदास सुमारे ४०,००० वेळा कंप पावे. प्रत्येक कांडीची लांबी किंचित वेगळी असल्याने तिची कंप्रताही वेगळी असे आणि त्यावरून संच आज्ञा ओळखी. या साधनाला विद्युत् घट लागत नसे. घट संपला तर गिऱ्हाइकाला संचच बिघडला असे वाटेल, अशी विक्रेत्यांची भीती होती व तिचाच विचार करून ही रचना केलेली होती. संचात मात्र सहा जादा इलेक्ट्रॉन नलिका घालाव्या लागत व त्यामुळे किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढे. श्राव्यातीत पद्धती सुमारे पाव शतक टिकली. संकलित मंडले स्वस्त झाल्यावर १९८० च्या सुमारास अवरक्त किरणांनी तिची जागा घेतली आणि संगणकाकडे दूरनियंत्रक आला तो याच रूपात.

अवरक्त पद्धती : नियंत्रकाच्या टोकाशी प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ असतो व तो बहुधा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पुष्कळ मोबाइल फोनांच्या कॅमेऱ्यांना ते दिसतात, म्हणून बटण दाबून नियंत्रकाचे टोक कॅमेऱ्यातून पाहणे ही बिघाड ओळखण्याची सोपी युक्ती होय. ते भिंतीवरून परावर्तित होतात, पण भिंतीतून पार जात नाहीत. शेजारच्या घरातील नियंत्रकाने आपला संच चालत नाही, याचे कारण हेच.

ऊन, दिवे व माणसाचे शरीर यांतूनही अवरक्त प्रारण बाहेर पडते. या गर्दीत आपला संदेश ओळखू यावा म्हणून किरण सलग न सोडता दर सेकंदास सुमारे ३८,००० वेळा चालू-बंद करतात. ग्राही मंडल या कंप्रतेच्या आसपासचेच स्पंद स्वीकारते व उन्हासारखा स्थिर प्रकाश बाजूस सारते. ३८ किलोहर्ट्‌झ हा आकडा निवडण्यामागे गहन तत्त्व नाही. रेडिओ संचांसाठी ४५५ किलोहर्ट्‌झचे अनुस्पंदक स्वस्तात तयार होत असत. त्या कंप्रतेला १२ ने भागले, की ३७.९ किलोहर्ट्‌झ मिळतात. इलेक्ट्रॉनीय चोक असलेल्या काही नलिका-दिव्यांचा प्रकाशही याच पल्ल्यात लुकलुकतो, त्यामुळे असा दिवा लावताच नियंत्रकाचा पल्ला घटल्याचा अनुभव येतो.

या लुकलुकत्या प्रकाशाचे तुकडे पाडून द्विमान संकेत बनवितात. अनेक उत्पादकांनी स्वीकारलेल्या जपानच्या एनईसी कंपनीच्या संकेतपद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंदांचा स्पंद व ४.५ मिलिसेकंदांचा विराम असतो. त्यानंतर ८ बिटांचा पत्ता, त्याचे उलट रूप, ८ बिटांची आज्ञा व तिचे उलट रूप असे ३२ बिट येतात. ‘०’ ला १.१२५ व ‘१’ ला २.२५ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक बिटाची उलट जोडी सोबत असल्याने शून्ये व एक सारख्याच संख्येने येतात. त्यामुळे आज्ञा कोणतीही असो, संदेश सुमारे ६८ मिलिसेकंदांतच संपतो. शिवाय उलट रूप जुळले नाही तर ग्राही तो संदेश टाकून देतो. फिलिप्स कंपनीच्या आरसी-५ पद्धतीत एक वेगळी सोय आहे. बटण नव्याने दाबले, की संदेशातील एक ठराविक बिट बदलतो. यावरून बटण दोनदा दाबले की एकदाच दाबून धरले, हे यंत्राला कळते. संगणकाच्या पडद्यावर यादीतून खाली सरकताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

संगणकाला यूएसबी जोडणीने लहान ग्राही जोडतात. त्याने वाचलेला संकेत परिचालन प्रणालीतील एका कोष्टकात शोधला जातो व त्याचे ‘वर’, ‘ठीक’, ‘मागे’ अशा एखाद्या कळीत रूपांतर होते. लिनक्स प्रणालीवर हे काम ‘लर्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने दीर्घकाळ केले. कोष्टक बदलता येत असल्याने जुन्या, अडगळीत पडलेल्या नियंत्रकानेही संगणक चालविता येतो.

अवरक्त पद्धतीचा मोठा दोष म्हणजे ती एकमार्गी आहे. नियंत्रक आज्ञा सोडतो. ती पोहोचली की नाही, हे त्याला कळत नाही. ‘चालू’ व ‘बंद’ यांसाठी एकच बटण असल्यास कोणी मध्येच येऊन उभे राहिले, की पडदा बंद व संगणक चालू असा विसंवाद होतो. पुढच्या दाबाने पडदा चालू व संगणक बंद होतो आणि घरातील वडीलधारी माणसे नियंत्रक खाली ठेवून देतात.

जोडणीच्या तारेतून नियंत्रण : या दोषावर एक उतारा एचडीएमआय जोडणीत आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकात चित्र व ध्वनी यांच्या तारांबरोबर नियंत्रणासाठी ‘सीईसी’ नावाची एक स्वतंत्र तार ठेवलेली आहे. दूरचित्रवाणी संचाच्या नियंत्रकावरील बाणांची बटणे दाबली, की संच तीच आज्ञा या तारेने संगणकाकडे पाठवितो. तारेचा वेग सेकंदास सुमारे ४०० बिट इतका मंद आहे, तरी बटणाच्या एका दाबाचा संदेश ८० मिलिसेकंदांच्या आत जातो. प्रत्येक घटकाची पोच मिळत असल्याने संदेश हरवला तर तो पुन्हा पाठविता येतो. संगणक जागा झाला, की त्यानेच संचाला जागे करावे, हेही शक्य होते. सगळ्या घराला एकच नियंत्रक पुरतो, हा याचा खरा लाभ. उत्पादकांनी मात्र या एकाच सोयीला ॲनीनेट प्लस, ब्राव्हिया सिंक, सिंपलिंक अशी निरनिराळी नावे देऊन ग्राहकाचा गोंधळ वाढविला. शिवाय सर्वसामान्य संगणकांच्या बहुतेक चित्र-मंडलांत ही तार जोडलेलीच नसते. २०१२ मध्ये निघालेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त लहान संगणकात ती होती. घरगुती चित्रसंगणक म्हणून तो लोकप्रिय होण्याचे हेही एक कारण होय.

रेडिओ पद्धती : बिनतारी कळफलक, ब्लूटूथ नियंत्रक व मोबाइल फोन ही साधने बहुशः २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतात. त्यांना समोरासमोर असावे लागत नाही. संगणक कपाटात ठेवला तरी चालतो. फोन वाय-फायमार्गे घरच्या जाळ्यातून आज्ञा पाठवितो. झोपलेल्या संगणकाला जाळ्यातून जागे करण्याची युक्ती मोठी साधी आहे. सर्व बिट ‘१’ असलेले ६ बाइट व त्यापाठोपाठ त्या संगणकाच्या जाळे-मंडलाचा ६ बाइटांचा पत्ता १६ वेळा, असा १०२ बाइटांचा मजकूर पाठवितात. संगणक झोपला असतानाही जाळे-मंडलाला थोडी वीज मिळत असते. त्याला आपला पत्ता असा लागोपाठ दिसला, की ते संगणकाला जागे करते.

पडद्याची मांडणी : ५० सेंमी. अंतरावरून वाचता येणारे अक्षर ३ मी. अंतरावरून तेवढेच स्पष्ट दिसावे, तर ते सहापट मोठे हवे. म्हणजे ३ मिमी. उंचीच्या अक्षराच्या जागी १८ मिमी. उंचीचे अक्षर येते व पडद्यावरील मजकूर साहजिकच थोडका करावा लागतो. दुसरी अडचण माऊसची. मांडीवर किंवा गादीवर माऊस फिरत नाही. हवेत हलवून चालविण्याचे, घूर्णमापक बसविलेले नियंत्रक मिळतात, पण हात थकतो. म्हणून दर्शक बाण काढून टाकून त्याच्या जागी एक ठळक चौकट ठेवतात. ती चार बाणांनी एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाते, ‘ठीक’ म्हटले की वस्तू उघडते व ‘मागे’ म्हटले की मागील पान येते. सहा बटणांत सारा कारभार चालतो.

या तत्त्वावर मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली; २०१५ मधील विंडोज १० मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. ॲपलने २००५ मध्ये आपल्या संगणकाबरोबर सहा बटणांचा नियंत्रक दिला, पण त्याच्या जोडीची ‘फ्रंट रो’ ही मांडणी २०११ मध्ये बंद केली. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी आज्ञावलीकारांनी सुरू केलेली व २०१४ पासून ‘कोडी’ नावाने ओळखली जाणारी मुक्त आज्ञावली मात्र टिकून आहे. अशा मांडणीतून बाहेर पडून एखादे सामान्य संकेतस्थळ उघडले, की चौकट नाहीशी होते आणि कोचावरून उठावे लागते. व्यापारी प्रयत्न फसण्यामागे हे एक प्रमुख कारण असावे.

हात नीट न चालणाऱ्या व्यक्तींनाही चौकटीची मांडणी उपयोगी पडते. चौकट स्वतःच क्रमाने पुढे सरकत राहिली, तर हव्या त्या वस्तूवर येताच एकच मोठे बटण दाबून निवड करता येते.

मजकूर लिहिणे : दूरनियंत्रणाची खरी कसोटी शोधाच्या वेळी लागते. पडद्यावर अक्षरांची चौकड मांडून बाणांनी एकेक अक्षर निवडावे लागते. १० स्तंभ व ४ ओळी अशा रोमन चौकडीत कोणत्याही दोन अक्षरांमधील अंतर सरासरीने ४.५५ घरे भरते. निवडीचा एक दाब धरून प्रत्येक अक्षराला सुमारे ५.५ दाब पडतात. देवनागरीसाठी १२ स्तंभ व ५ ओळी घेतल्यास हीच संख्या सुमारे ६.५ होते. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या लेखी त्यात हलन्तचिन्हे व स्वरचिन्हे धरून ११ चिन्हे आहेत. म्हणजे सुमारे ७२ दाब झाले. रोमन लिपीत तेच नाव १२ अक्षरांनी लिहिल्यास सुमारे ६७ दाब लागतात. लिपीमुळे पडणारा फरक समजला जातो तितका मोठा नाही, हे या ढोबळ हिशेबावरून दिसते. उलट रोमन लिपीत ‘ज्ञ’साठी कोणी दोन अक्षरे योजतो, कोणी तीन, त्यामुळे संग्रहात असलेली वस्तूही सापडत नाही. चौकडीत देवनागरी न देणाऱ्या आज्ञावल्या मराठी वाचकाचे श्रम वाचवीत नाहीत, केवळ दुसरीकडे ढकलतात. बोलून शोधणे हा एक पर्याय असून गूगलच्या आवाजी लेखनात २०१७ मध्ये मराठीचा समावेश झाला. तथापि चित्रपटाचा आवाज चालू असताना किंवा घरात कोणी झोपले असताना त्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

सुरक्षितता : अवरक्त संदेश खोलीबाहेर जात नाही, रेडिओ संदेश जातो. बॅस्टिल या अमेरिकन कंपनीतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले, की ब्लूटूथ नसलेल्या अनेक बिनतारी माऊस व कळफलकांचे ग्राही कूटबद्ध न केलेले संदेशही स्वीकारतात. त्यामुळे इमारतीबाहेरील व्यक्तीही संगणकावर आपणच टंकलेखन करीत असल्याप्रमाणे आज्ञा देऊ शकते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्याला कोचावरून चालविण्यासाठी असा जुना कळफलक जोडू नये. फोनवरून नियंत्रण करावयाचे असल्यास त्या सेवेला परवलीचा शब्द ठेवावा आणि पाहुण्यांसाठी वाय-फायचे वेगळे जाळे ठेवावे. अन्यथा जाळ्याचा परवलीचा शब्द मिळालेल्या कोणाच्याही फोनवरून घरातील पडदा चालविता येतो.